इंद्रायणीचे पाणी आणि शाळेतला दिवा

विजेचा इतिहास बहुधा धरणांचा, निर्मितीकेंद्रांचा आणि वाहिन्यांचा म्हणून लिहिला जातो, तर शिक्षणाचा इतिहास संस्थापकांचा, अभ्यासक्रमांचा आणि परीक्षांचा म्हणून. या दोन इतिहासांची गाठ जिथे पडते ती जागा, म्हणजे शाळेच्या भिंतीवरचे विजेचे बटण, दोन्हींच्या नजरेतून सुटत आली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये शाश्वत विकासाची उद्दिष्टे स्वीकारली आणि त्यांतील शिक्षणविषयक चौथ्या उद्दिष्टाच्या मोजमापासाठी शाळांतील सोयींची यादी ठरवली. तिच्यात पहिलीच नोंद विजेची आहे. त्यामुळे महासागरातल्या एखाद्या चिमुकल्या द्वीपराष्ट्रापासून भारतापर्यंत प्रत्येक देशाला आपल्या किती प्राथमिक आणि किती माध्यमिक शाळांत वीज आहे याचा हिशेब द्यावा लागतो. द्वीपराष्ट्रांच्या बाबतीत या हिशेबात भूगोल आडवा येतो, कारण तिथे बेटाबेटाची वीजव्यवस्था वेगळी असते, डिझेल जहाजाने आणावे लागते आणि आडबाजूच्या बेटावर जनित्राचा सुटा भाग पोहोचायलाही आठवडे लागू शकतात. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात वसलेल्या आळंदीला आणि तिच्या परिसराला मात्र अशी सबब कधीच नव्हती, कारण ज्या इंद्रायणीच्या काठी हे तीर्थक्षेत्र आहे, त्याच नदीच्या उगमाकडील पाण्यावर १९१५ पासून वीज तयार होत आली आहे. तरीही त्या विजेने आधी गिरणी गाठली, मग रेल्वे, पुढे कारखाना आणि शेतातला पंप, आणि या साऱ्यांच्या मागून ती माध्यमिक शाळेच्या वर्गात आली.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते, मावळातून कामशेत, देहू, आळंदी अशी पूर्वेकडे वाहते आणि तुळापूरला भीमेला मिळते. भीमा कृष्णेला मिळत असल्याने हे सारे पाणी निसर्गतः बंगालच्या उपसागराकडे जाणारे आहे. सह्याद्रीचा माथा या नदीच्या उगमापासून अगदी जवळ आहे आणि माथ्यापलीकडे कोकणची बाजू एकदम सुमारे पाचशे मीटर खाली उतरते, हे हेरून टाटांच्या जलविद्युत कंपनीने पूर्वेकडे वाहणारे पाणी घाटमाथ्यावर अडवून पश्चिमेकडे लोखंडी नळांतून खाली सोडण्याची योजना आखली. जलविद्युत म्हणजे पडत्या पाण्याच्या जोरावर चक्र फिरवून निर्माण केलेली वीज, आणि तिच्यात पाण्याच्या साठ्याइतकेच महत्त्व पाणी किती उंचीवरून पडते याला असते; त्या दृष्टीने लोणावळा-खोपोलीचा कडा म्हणजे आयती देणगीच होती. १९११ मध्ये मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराच्या हस्ते लोणावळ्याला कोनशिला बसली, वळवण, लोणावळा आणि शिरवटा हे तलाव बांधले गेले, आणि १९१५ मध्ये खोपोलीचे केंद्र सुरू होऊन सुमारे सत्तर किलोमीटर लांबीच्या वाहिनीने वीज मुंबईच्या कापडगिरण्यांकडे धावू लागली. त्यानंतर १९२२ मध्ये आंध्रा खोऱ्याच्या पाण्यावर भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे केंद्र उभे राहिले. त्यांपैकी मुळशीच्या धरणाला तिथल्या मावळ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रही विरोध केला, तो धरणग्रस्तांच्या जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांपैकी एक मानला जातो.

मुळशीच्या सत्याग्रहाची चर्चा बुडालेल्या जमिनीच्या अंगाने पुष्कळ झाली आहे, पण विजेच्या अंगाने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते: ज्यांचे पाणी आणि भातखाचरे गेली, त्यांच्या गावांना त्या पाण्याची वीज देण्याचा विचार मूळ योजनेच्या हिशेबात नव्हताच. त्या काळच्या कायद्यानुसार, म्हणजे १९१० च्या भारतीय विद्युत कायद्याखाली, वीज पुरवणारी कंपनी ही सरकारकडून परवाना घेऊन ठरावीक क्षेत्रात व्यवसाय करणारी खाजगी कंपनी असे, आणि असा परवानाधारक शहर, छावणी किंवा कारखाना अशा दाट मागणीच्या जागाच पसंत करी, कारण खांब आणि तारा यांचा खर्च प्रत्येक मैलाला तोच, पण त्या मैलात ग्राहक किती यावर नफा ठरे. पुणे शहरात आणि छावणीत वीज विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच आली, ती याच हिशेबाने. आळंदीला ब्रिटिश काळात नगरपालिका होती आणि कार्तिकी एकादशीला तिथे लोटणारी गर्दी काही थोडीथोडकी नव्हती, परंतु वर्षातले काही दिवस तुडुंब भरणारे आणि उरलेले दिवस शांत असणारे गाव परवानाधारकाच्या दृष्टीने चांगले गिऱ्हाईक नव्हते.

रेल्वे मात्र उत्तम गिऱ्हाईक होती, आणि बोरघाटाच्या चढावर वाफेच्या इंजिनांची होणारी दमछाक पाहता तिला विजेची गरजही तितकीच होती. १९३० मध्ये १ जूनला दख्खनची राणी मुंबई-पुणे धावू लागली तेव्हा तिच्या पुढचे इंजिन विजेवर चालणारे होते, आणि लोणावळा, तळेगाव, चिंचवड या स्थानकांवरून विजेच्या तारा पुण्यापर्यंत ताणल्या गेल्या होत्या. चिंचवडचे स्थानक आणि आळंदी यांतले अंतर वीस किलोमीटरच्या आतले आहे. या पट्ट्यातल्या खेड्यांतल्या मुलांनी विजेचे सामर्थ्य बहुधा आधी रुळांवरून धावताना पाहिले, आणि घरातला किंवा वर्गातला दिवा पुष्कळ नंतर.

आता शाळेकडे वळताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती ही की प्रकाशाची गरज ही शिक्षणाच्या प्रकारावर अवलंबून असते. आळंदीत १९१७ मध्ये विष्णुबुवा जोग यांनी वारकरी शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि चार वर्षांच्या क्रमात संतवाङ्मयाचे अध्ययन करवून कीर्तनकार व प्रवचनकार तयार करण्याची जी परंपरा तिथे रुजली, तिचा पाया पाठांतरावर, म्हणजे ग्रंथ कानाने ऐकून मुखोद्गत करण्यावर होता. मधुकरीवर, म्हणजे घरोघर मागून आणलेल्या अन्नावर, राहणारा विद्यार्थी पहाटेच्या काकड्याला उठे आणि संध्याकाळी हरिपाठाला उभा राही. ही दोन्ही वेळापत्रके उजेडाच्या अभावाला अडथळा न मानता रचलेली होती. काकडा हा शब्दच मुळात कापडाच्या पिळलेल्या वातीचा, आणि त्या वातीच्या उजेडात होणाऱ्या आरतीला तेच नाव मिळाले, हे लक्षात घेतले म्हणजे देवस्थानाच्या गावात दिव्याला असलेले स्थान कळते. तरीही समईच्या मंद प्रकाशात अभंग म्हणणे जितके सहज, तितके बारीक छापाच्या पुस्तकातून बीजगणित सोडवणे सहज नसते. मौखिक शिक्षणाला अंधार चालतो, छापील पुस्तकावर आणि लेखी परीक्षेवर उभ्या असलेल्या माध्यमिक शिक्षणाला चालत नाही. शाळा आणि वीज यांच्या नात्याचा इतिहास म्हणूनच लेखी परीक्षेच्या इतिहासाशी बांधलेला आहे.

दिवसाची शाळा मात्र दीर्घकाळ विजेवाचून निभावली, आणि तिची सारी रचनाच सूर्यावर बेतलेली होती. अकरा ते पाच ही शाळेची वेळ, उन्हाळ्यातली सकाळची शाळा, मोठ्या खिडक्या, पांढऱ्या चुन्याच्या भिंती, कौलारू छपरात मधूनच बसवलेले काचेचे कौल, लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली वहीवर पडू नये म्हणून डावीकडून उजेड येईल अशी बाकांची मांडणी, आणि फळ्यावर चकाकी येऊ नये म्हणून त्याची खिडक्यांशी जुळवलेली दिशा, हे सगळे वीज नसलेल्या वास्तूचे शास्त्र होते. पावसाळ्यात आभाळ भरून आले की मागच्या बाकांवरच्या मुलांना फळा दिसेनासा होई आणि शिक्षक मुलांना दारापाशी सरकवून घेत किंवा पाठांतर सुरू करत, म्हणजे पुन्हा एकदा तोंडी शिक्षणाचा आधार घेतला जाई. भौतिकशास्त्राच्या तासाला विद्युतप्रवाहाचा धडा कोरड्या घटावर, म्हणजे विजेरीतल्या सेलवर, छोटा दिवा पेटवून शिकवला जाई, आणि हा कित्येक ग्रामीण शाळांतला एकमेव विजेचा दिवा असे.

अडचण खरी यायची ती सूर्यास्तानंतर. १९४९ पासून मुंबई इलाख्यात शालान्त परीक्षा म्हणजे एस.एस.सी. सुरू झाली आणि पूर्वी विद्यापीठाच्या मॅट्रिकला असलेले महत्त्व तिला आले. पुढे १ जानेवारी १९६६ रोजी राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ पुण्यात स्थापन झाले, आणि १९७५ पासून अकरावीऐवजी दहावीच्या शेवटी ही परीक्षा होऊ लागली. ही परीक्षा म्हणजे शेतीतून बाहेर पडून नोकरीकडे जाणारा ग्रामीण महाराष्ट्रातला बहुधा एकमेव पूल होता, आणि त्यावरून जायचे तर दिवसभर शेतीची व घरची कामे उरकल्यावर रात्री अभ्यास करणे भाग होते. त्या अभ्यासाचा दिवा म्हणजे चिमणी, अर्थात पत्र्याच्या किंवा काचेच्या लहान डबीत रॉकेल आणि झाकणातून वर आलेली वात असा काचेवाचूनचा दिवा, जो वाऱ्याने फडफडतो, नाकात काजळी भरतो आणि दोन मुलांनाही एकावेळी पुरेसा उजेड देत नाही. त्याहून बऱ्या परिस्थितीत काचेचा कंदील असे. शाळेत मॅट्रिकच्या मुलांसाठी रात्रीचा अभ्यासवर्ग चालवायचा झाल्यास गॅसबत्ती लागे, म्हणजे पंपाने हवा भरून रॉकेलची वाफ जाळीच्या पिशवीत जाळणारा झगझगीत दिवा. तिचे रॉकेल, जाळी आणि पिन यांचा खर्च मुख्याध्यापक, पालक किंवा गावातला एखादा दुकानदार यांनी उचलावा लागे, कारण सरकारी अनुदानाच्या कुठल्या सदरात तो बसत नसे. रात्रशाळेची कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती, महात्मा फुल्यांनी १८५५ मध्येच कष्टकऱ्यांसाठी स्वतःच्या घरी रात्रशाळा सुरू केली होती. पण तेलाच्या दिव्यावर चालणारी रात्रशाळा आणि विजेच्या दिव्यावर चालणारी रात्रशाळा यांत किती तास वाचता येते, हा फरक केवळ सोयीचा म्हणता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर वीज हा व्यापार न राहता राज्याचे कर्तव्य ठरले, निदान कायद्याच्या भाषेत. १९४८ च्या विद्युत पुरवठा कायद्याने प्रांतोप्रांती वीज मंडळे स्थापन करण्याची तरतूद केली आणि राज्यनिर्मितीनंतर १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली. तिथेही पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेकडे वळवण्याची लोणावळ्याचीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली होती, पण या वेळी वीज सार्वजनिक मालकीची होती आणि तिचे जाळे ग्रामीण भागाकडे वळवणे शक्य होते. प्रश्न उरला तो प्राधान्याचा. साठच्या दशकातल्या अवर्षणांनी आणि धान्यटंचाईने देशाचे लक्ष विहिरींकडे वळवले आणि ग्रामीण विद्युतीकरण म्हणजे मुख्यतः कृषिपंपांना वीज, असे समीकरण रूढ झाले. १९६९ मध्ये या कामाला कर्ज देण्यासाठी ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाला, त्याचाही आरंभीचा भर तिथेच होता. या धोरणामागचे कारण पटण्यासारखे होते, कारण पंप चालला तर पीक येई आणि पीक आले तर बिल भरले जाई. शाळेच्या दिव्याने असे कोणतेच उत्पन्न दाखवता येत नव्हते.

आळंदीच्या आसपास या सर्वसाधारण चित्रावर आणखी एक रंग चढला, तो उद्योगांचा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातला औषधी कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि त्याने पिंपरी, चिंचवड व भोसरीच्या माळावर भूखंड आखले. टेल्को आणि बजाजसारखे मोठे कारखाने आले, त्यांच्यामागे शेकडो लघुउद्योग आले, १९७० मध्ये नवनगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. अशा वसाहतीला अखंड आणि भरपूर वीज लागते, म्हणून उपकेंद्रे, म्हणजे उच्च दाबाची वीज कमी दाबाची करून वाटणारी ठाणी, या पट्ट्यात दाट उभी राहिली, आणि त्यांच्या वाहिन्या आजूबाजूच्या गावांवरून जाऊ लागल्या. भोसरी, दिघी, मोशी, चऱ्होली ही आळंदीच्या वाटेवरची गावे विदर्भातल्या किंवा सातपुड्यातल्या गावांपेक्षा लवकर उजळली, यात शाळांविषयीच्या कळकळीपेक्षा लेथ आणि वेल्डिंगच्या यंत्रांचा वाटा मोठा आहे. नव्वदच्या दशकानंतर चाकणच्या बाजूला दुसरी औद्योगिक लाट आली आणि आळंदी दोन औद्योगिक क्षेत्रांच्या मधोमध सापडली. शाळेला वीज मिळाली ती अशी शेजाऱ्याच्या पुण्याईने, आणि शेजार नसलेल्या ठिकाणी ती तितकीच उशिरा मिळाली.

वाहिनी गावावरून गेली म्हणजे वीज शाळेत आली असे होत नाही, आणि इथे विद्युतीकरण या शब्दाच्या व्याख्येचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरते. १९९७ पर्यंत केंद्र सरकारच्या दृष्टीने महसुली गावाच्या, म्हणजे सरकारी दप्तरातल्या गावाच्या, शिवारात कुठेही आणि कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असली की ते गाव विद्युतीकृत ठरे. एखाद्या बागाईतदाराच्या विहिरीवर पंप सुरू असला आणि गावठाणात, म्हणजे घरांच्या वस्तीत, एकही दिवा नसला तरी आकडेवारीत ते गाव उजळलेले असे. १९९७ मध्ये ही वीज वस्तीत वापरली जायला हवी अशी दुरुस्ती झाली. पुढे २००४ मध्ये व्याख्या आणखी कडक झाली आणि तिने तीन अटी घातल्या: वस्तीत तसेच दलित वस्तीत रोहित्र व वाहिन्या हव्यात, किमान दहा टक्के घरांना वीज हवी, आणि शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र यांसारख्या सार्वजनिक जागांना वीज पोहोचलेली हवी. रोहित्र म्हणजे खांबावर किंवा ओट्यावर बसवलेले, विजेचा दाब घरगुती वापराइतका करणारे यंत्र, ज्याला खेड्यात सरसकट डीपी म्हणतात. खोपोलीचे चक्र फिरू लागल्यानंतर एकोणनव्वद वर्षांनी गावाला विजेचे गाव म्हणण्यासाठी शाळेचा विचार करणे सरकारी व्याख्येत आवश्यक ठरले. त्यातही दहा टक्क्यांची अट पाहता दहापैकी नऊ घरे अंधारात असतानाही गाव विद्युतीकृत राहू शकत होते, म्हणजे वर्गात दिवा असलेल्या मुलाच्या घरी चिमणीच असणे व्याख्येला मान्य होते.

याहून नवलाची बाब अशी की २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवे याची जी यादी आहे, तिच्यात शिक्षकागणिक वर्गखोली, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण आणि ग्रंथालय हे सगळे आहे, पण विजेचे नाव नाही. हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरता आहे हे खरे, परंतु महाराष्ट्रातल्या अनेक माध्यमिक शाळा पाचवीपासूनच सुरू होत असल्यामुळे त्यांचे पाचवी ते आठवीचे वर्ग या कायद्याच्या कक्षेत येतात. कायदा करणाऱ्यांच्या मनात शाळा अजूनही काचेच्या कौलाखालीच भरत होती की काय, असा प्रश्न पडावा अशी ही उणीव आहे, कारण त्याच दशकात दुसऱ्या सरकारी योजनेखाली माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभारले जात होते आणि संगणकाला काचेच्या कौलाचा काहीच उपयोग नसतो.

मराठी माणसाच्या वावरातल्या बेटांशी तुलना केली तर आळंदीचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि घाटावरून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही मराठी म्हणून ओळखले जातात आणि शाळांत मराठी हा विषय शिकवला जातो. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाने १९७७ पासून माध्यमिक शिक्षण निःशुल्क केले. तिथली वीज १९५२ पासून एका मध्यवर्ती सार्वजनिक मंडळाच्या हाती आहे आणि साखर कारखाने उसाच्या चिपाडावर तयार केलेली जादा वीज या मंडळाला विकतात, म्हणजे शेजारच्या उद्योगामुळे शाळेपर्यंत जाळे पोहोचावे हा प्रकार तिथेही घडला. फक्त लहान बेटावर कोणतेच गाव जाळ्यापासून फार दूर नसल्याने तो वेगाने घडला. त्याच देशाच्या रॉड्रिग्ज या दूरच्या बेटाला मात्र आपली स्वतंत्र निर्मिती सांभाळावी लागते. मुंबई बंदरातल्या घारापुरीची कथा याच्या उलट आहे: जगभरचे पर्यटक जिथे लेणी पाहायला येतात आणि जिथून मुंबईचे दिवे रात्रभर दिसतात, त्या बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वाड्यांना समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. तोवर संध्याकाळचे काही तास डिझेल जनित्रावर काढले जात, आणि मुलांच्या अभ्यासाची वेळही तेच जनित्र ठरवी.

जाळे पोहोचल्यानंतरचा अध्याय टंचाईचा आहे, आणि आळंदीच्या परिसरात तो विशेष रंगतदार आहे. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, मागणी वाढत गेली, नवी निर्मिती झाली नाही, आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन, म्हणजे तुटवडा वाटून घेण्यासाठी आळीपाळीने भागाभागाचा पुरवठा तोडणे, हा नित्याचा कार्यक्रम झाला. बोलीत त्याला लोडशेडिंग म्हणत आणि त्याचे वेळापत्रक वर्तमानपत्रांत रेल्वेच्या वेळापत्रकासारखे छापून येई. २००६ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी एक तोडगा निघाला, जो पुणे प्रारूप म्हणून देशभर चर्चिला गेला: ज्या कारखान्यांकडे स्वतःची जनित्रे होती त्यांनी टंचाईच्या वेळी ती चालवावीत, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यावी आणि जनित्राचा जादा खर्च ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांकडून विश्वसनीयता आकार म्हणून वसूल करावा. तोडगा हुशारीचा होता आणि शहरांतल्या शाळांना त्याचा लाभही झाला, पण तो वीज कंपनीच्या शहरी विभागाच्या सीमेपाशी संपत होता. त्या सीमेपलीकडे, जिथे दिवसाचे दहा-बारा तास अंधारात जात, तिथली दहावीची मुले त्याच शिक्षण मंडळाची तीच प्रश्नपत्रिका सोडवणार होती.

ग्रामीण भागासाठी जे उपाय झाले ते तंत्राच्या दृष्टीने अधिक रोचक आहेत. पंपाला तीन फेजची, म्हणजे तीन स्वतंत्र तारांतून येणारी, वीज लागते आणि दिव्याला एकच फेज पुरते, म्हणून संध्याकाळी वाहिनीवर फक्त एक फेज सोडायची, की पंप बंद राहतील आणि घरात दिवे लागतील, असा सिंगल फेजिंगचा मार्ग निघाला. २००५ मधील अक्षय प्रकाश योजनेत तर गावाने आपण होऊन संध्याकाळी पंप आणि जड उपकरणे बंद ठेवायची आणि त्या बदल्यात दिव्यापुरती वीज घ्यायची, असा जणू करारच होता. पण उभे पीक वाळत असताना असा करार पाळणे कठीण जाई, कंडेन्सर लावून एका फेजवरही पंप चालवण्याची शक्कल सर्वदूर माहीत होती, आणि असे पंप चालले की रोहित्र जळून आठवडाभर सगळे गाव अंधारात जाई. शेवटी गावठाणाची वाहिनी शेतीच्या वाहिनीपासून कायमची वेगळी काढण्याची योजना हाती घेतली गेली. खर्चिक असली तरी तिने पंप आणि पुस्तक यांतला जुना झगडा बऱ्याच अंशी मिटवला, आणि ग्रामीण शिक्षणाच्या इतिहासात तिला अजून मिळालेले नाही इतके महत्त्व द्यायला हवे.

यानंतर उरला बिलाचा प्रश्न, ज्याकडे धोरणाचे लक्ष सर्वांत उशिरा गेले. महाराष्ट्रातल्या बहुतेक माध्यमिक शाळा खाजगी संस्थांच्या, पण सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आहेत. शिक्षकांचे पगार वेतन अनुदानातून येतात, तर खडू, दुरुस्ती, भाडे आणि वीज यांचा खर्च वेतनेतर अनुदानातून भागवायचा असतो, जे नेहमीच अपुरे राहिले. दुसरीकडे वीजदर ठरवताना शाळेला काही काळ दुकानांच्या पंक्तीत, म्हणजे व्यापारी वर्गात, बसवले गेले होते, आणि २०१२ च्या दरआदेशात सार्वजनिक सेवा असा वेगळा वर्ग काढून शाळा आणि रुग्णालये त्यात घेतली गेली. सरकारी आणि खाजगी संस्थांसाठी त्यातही पुढे दोन पोटवर्ग झाले. थकलेल्या बिलापायी मीटर काढून नेलेल्या शाळा, विशेषतः जिल्हा परिषदेच्या, राज्यात वारंवार बातम्यांचा विषय झाल्या आहेत; भिंतीवर पंखा, छताखाली प्रक्षेपक आणि खांबापासून तुटलेली तार असे दृश्य कोणत्याही व्याख्येत नीट बसत नव्हते, आणि म्हणूनच शाळांच्या सरकारी माहितीसंकलनात अलीकडे वीजजोडणी आहे काय आणि ती चालू स्थितीत आहे काय, असे दोन प्रश्न वेगळे विचारले जातात.

आळंदीपुरते पाहिले तर आज तिथे जोगांच्या मोठ्या संस्थेबरोबर वारकरी शिक्षणाची कितीतरी लहान वसतिगृहे आहेत, ज्यांतली मुले दिवसा गावातल्या नेहमीच्या माध्यमिक शाळांत शिकतात, सकाळ-संध्याकाळ मृदंग, गायन आणि पाठांतर करतात, आणि हरिपाठ आटोपल्यावर गृहपाठाच्या वह्या उघडतात. मौखिक आणि लेखी अशा दोन शिक्षणपद्धती एका मुलाच्या एका दिवसात नांदतात, आणि रात्रीचा दिवा दुसरीसाठी लागतो. शाळेच्या बिलावर अलीकडे सुचवला जाणारा उपाय म्हणजे छतावरचे सौर पॅनेल, आणि त्याला जोड आहे ती नेट मीटरिंगची, म्हणजे छतावर तयार झालेली जादा वीज जाळ्यात सोडून तेवढे युनिट बिलातून वजा करून घेण्याची. राज्याच्या वीज नियामक आयोगाने त्याचे नियम २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये केले. मावळ-खेडच्या आकाशात ऊन सर्वांत कडक असते ते एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा परीक्षा संपून शाळेला सुट्टी लागलेली असते, आणि शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा आभाळ भरून आलेले असते. पण या हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने मे महिन्यात रिकाम्या वर्गांवर जमलेले युनिट श्रावणातल्या अंधाऱ्या दुपारी आणि पुढे दहावीच्या परीक्षेपर्यंत खर्ची टाकता येतात.